गुण वाढले, पण मुलींचा शब्द वाढला का? किशोरवयीनांच्या लैंगिक आरोग्य प्रकल्पाचं मूल्यमापन: सोलापुरातल्या नवख्या कार्यकर्त्यांसाठी

समाजकार्याची पदवी घेऊन एखाद्या संस्थेत रुजू झालं की वर्ष-दीड वर्षात एक काम हमखास अंगावर येतं. "मार्चअखेर आलाय, प्रकल्पाचं मूल्यमापन तेवढं करून टाका." प्रकल्प असतो मुलामुलींना शरीर, पाळी, नातेसंबंध, संमती, गर्भनिरोधन, एचआयव्ही यांबद्दल शिकवण्याचा. प्रस्तावात 'लिंगभाव समानता' पानोपानी असते (लिंगभाव म्हणजे मुलगा किंवा मुलगी म्हणून समाजाने ठरवून दिलेली भूमिका). आणि मूल्यमापन म्हणून हातात येते सत्राआधी आणि सत्रानंतर घेतलेली वीस गुणांची चाचणी. गुण वाढलेले असतात. ते वाढणारच. काल सांगितलेलं आज विचारलं तर कुणाचेही वाढतील.

त्या चाचणीच्या पुढे कसं जायचं, ते इथे सांगतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रकल्प लिंगभावावर असेल तर मुलाच्या आणि मुलीच्या शब्दाला असलेलं वजन बदललं का, हे तपासलं पाहिजे. एचआयव्ही कसा पसरतो हे मुलीला पाठ आहे, पण नको असलेल्या गोष्टीला नाही म्हणायची सोय तिला नाही आणि ते ऐकून घ्यायची सवय मुलाला नाही, तर ते ज्ञान वहीतच राहतं. ही नुसती माझी मतं नाहीत. निकोल हेबरलँड या संशोधिकेने २०१५ साली वेगवेगळ्या देशांतल्या २२ कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले. लिंगभाव आणि नात्यातली सत्ता यांवर थेट काम करणारे १० कार्यक्रम होते. त्यांतल्या ८ कार्यक्रमांत नको असलेली गर्भधारणा किंवा लिंगसांसर्गिक आजार कमी झाल्याचं आढळलं. हा विषय टाळणाऱ्या १२ पैकी फक्त २ कार्यक्रमांत तसं दिसलं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एक कल्पित प्रकल्प धरू. समजा, तुमची संस्था शहराच्या पूर्व भागातल्या दोन शाळा, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीच्या परिसरातली एक आणि अक्कलकोट तालुक्यातल्या गावातली एक, अशा चार शाळांत आठवी-नववीच्या वर्गांबरोबर वर्षभर सत्रं घेते.

आधी प्रश्न, मग प्रश्नावली

बहुतेक जण उलटं करतात. कुठूनतरी तयार प्रश्नावली मिळवतात, छापतात, भरून घेतात आणि मग यातून काय निघतंय ते बघत बसतात. त्याऐवजी एका कागदावर लिहा: या मूल्यमापनाचं उत्तर कोण वापरणार आणि कशासाठी? निधी देणाऱ्याला पैसे पुढे द्यायचे का ते ठरवायचं असतं. सत्र घेणाऱ्या ताईला तिसरं सत्र का फसतं ते हवं असतं. मुख्याध्यापकांना पालकांच्या तक्रारी येतील का याची काळजी असते. तिघांना एका अहवालात खूश करता येत नाही. दोन किंवा फार तर तीन मुख्य प्रश्न निवडा. आमच्या उदाहरणात ते असे ठेवू: मुलगे आणि मुली यांचे नकार, संमती आणि घरकाम याबद्दलचे विचार व वागणं बदललं का? बदल कुणापर्यंत पोचलाच नाही? कुठलं सत्र उपयोगी पडलं आणि कुठलं नाही?

निधी देणाऱ्या संस्था सहा निकष पाठवतात: प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. ही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची चौकट आहे आणि वाईट नाही. पण चार शाळांच्या प्रकल्पात सहाही निकषांवर लिहायला गेलात तर प्रत्येकावर अर्धं पान गुळमुळीत मजकूर तयार होईल. निधी देणाऱ्याशी आधी बोला, दोन-तीन निकषांवर भर देतो म्हणून सांगा. बहुतेक वेळा ते मान्य करतात.

बदलाची साखळी कागदावर काढा

सत्र घेणाऱ्यांना एकत्र बसवा आणि विचारा, "संमतीचं सत्र झालं. मग काय होईल?" पहिलं उत्तर येतं, "जागृती होईल." तिथे थांबू नका. जागृती झाली म्हणजे मुलगा सोमवारी वर्गात काय वेगळं करेल? मुलगी घरी काय वेगळं बोलेल? ते कोण पाहील? असं खोदत गेलं की साखळीत खऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी येतात: पाळीत मुलगी शाळा बुडवत नाही, मुलगा चिडवणाऱ्या मित्राला थांबवतो, गटचर्चेत मुली मुलांसमोर बोलतात, कुणीतरी मैत्री क्लिनिकची पायरी चढतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. महाराष्ट्रात त्यातली किशोरवयीनांसाठीची आरोग्य केंद्रं 'मैत्री क्लिनिक' म्हणून चालतात.

साखळीची प्रत्येक कडी मोजायची नाही. पण जी कडी सगळ्यात कमकुवत वाटते, तिच्यावर नक्की प्रश्न ठेवा.

सोलापूरचं कॅलेंडर भिंतीवर लावा

ही पायरी लहान आहे, पण ती चुकली तर बाकी सगळं वाया जातं. सुरुवातीची पाहणी जूनमध्ये करू नका. प्रवेश सुरू असतात, पटावरची नावं हलत असतात. पंढरपूर भागात शाळा असेल तर आषाढीचे दिवस सोडा. जुलैचा उत्तरार्ध बरा. दिवाळीनंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि काही मुलं आईबापाबरोबर फडावर जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, त्या आठवड्यात शहरातल्या शाळांत उपस्थितीचा भरवसा नसतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरला की दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी वर्गखोल्याही मिळत नाहीत आणि शिक्षकही. म्हणजे शेवटच्या पाहणीसाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा एवढीच खिडकी उरते. आणि जमलं तर तिसरी पाहणी पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये करा. सत्रं संपून सहा महिने झाल्यावर जे टिकलं असेल त्याला खरी किंमत.

पालकांना भेटायची वेळही ठरवून घ्या. वळलेल्या विड्या कारखान्यात देण्याची वेळ, यंत्रमागाची शिफ्ट, रोजंदारी. सकाळी अकराची पालकसभा म्हणजे रिकाम्या खुर्च्या.

परवानगी, संमती आणि पॉक्सो

इथे घाई चालत नाही. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि गरज असेल तिथे गटशिक्षणाधिकारी, यांची लेखी परवानगी घ्या. शाळेतली सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची) कागदावर आहे की चालती आहे हेही त्याच भेटीत पाहून घ्या; पुढे मदतीसाठी तीच लागेल. मुख्याध्यापक बिचकले तर वाद घालू नका. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावर आक्षेप घेऊन ते शाळांतून थांबवलं होतं, आणि त्या काळात नोकरीत असलेल्यांना ते पक्कं आठवतं. त्यांना पूर्ण प्रश्नावली वाचायला द्या. लपवलेली प्रश्नावली पुढे पालकाच्या मोबाइलवर फिरण्यापेक्षा आधी दाखवलेली केव्हाही बरी.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही. पालकांनी सही केली म्हणून मुलाला बसवलंच पाहिजे असं नाही. "नको वाटलं तर कोरा कागद दे, कुणी विचारणार नाही" हे मोठ्याने सांगा आणि खरंच कुणी विचारणार नाही अशी व्यवस्था ठेवा. वर्गशिक्षक खोलीबाहेर. कागद पेटीत, टेबलावर नाही. अभ्यास प्रसिद्ध करायचा विचार असेल तर विद्यापीठाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे आधीच जा. काम झाल्यावर घेतलेली मंजुरी मंजुरी नसते.

आता पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा. २०१२ च्या या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. दोघांच्या राजीखुशीचा प्रश्नच तिथे येत नाही. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला समजलं, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. मूल्यमापन करणारा त्यातून सुटत नाही. म्हणून तीन गोष्टी करा.

पहिली: नाव किंवा ओळख असलेल्या कुठल्याही फॉर्मवर लैंगिक अनुभवाचा प्रश्न ठेवू नका. "तुला मित्र आहे का, त्याच्याबरोबर काय काय केलंस" अशी उत्सुकता मूल्यमापनाला लागत नाही. दुसरी: गटचर्चा किंवा मुलाखत सुरू होण्याआधी मुलांना त्यांच्या भाषेत सांगा, "तुम्ही इथे बोललेलं आम्ही बाहेर सांगणार नाही. पण कुणी तुम्हाला त्रास देतंय असं आम्हाला कळलं, तर तुमच्या सुरक्षेसाठी आम्हाला ते पुढे सांगावंच लागेल." हे ऐकून एखादी मुलगी गप्प बसेल. तो तिचा हक्क आहे. आधी बोलतं करून मग पोलिसांत जाण्यापेक्षा ते बरं. तिसरी: संस्थेचं बालसंरक्षण धोरण आणि कायद्याची जाणकार व्यक्ती यांच्याशी आधी बोलून, मुलाने काही सांगितलं तर कोण कुणाला फोन करेल ते लिहून ठेवा. सगळ्या मुलांना, कुणी काही सांगो न सांगो, एक चिठ्ठी द्या: बालकांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, तातडीला ११२.

नाव न घेता आधीची आणि नंतरची प्रश्नावली जुळवायची कशी, हा प्रश्न नेहमी येतो. मुलांनीच स्वतःचा संकेतांक तयार करायचा: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचा फक्त दिवस, मोठ्या भावंडांची संख्या. न बदलणाऱ्याच गोष्टी घ्या. हजेरी क्रमांक घेऊ नका. वर्गशिक्षकाला तो पाठ असतो.

तुलनेला कोण?

आठवीतलं पोर वर्षभरात आपोआप मोठं होतं. मोबाइल, मोठी भावंडं, नववीचं विज्ञान, सगळीकडून त्याला काही ना काही कळत राहतं. तेव्हा प्रकल्प नसलेल्या शाळेतही तीच पाहणी, त्याच आठवड्यात करा. पुढच्या वर्षी जिथे प्रकल्प सुरू होणार आहे ती शाळा यासाठी उत्तम, कारण तिथल्या मुलांना नुसतं वापरून सोडून दिल्यासारखं होत नाही. माध्यम आणि वस्ती शक्य तितकी सारखी घ्या. पूर्व भागातल्या घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांच्या शाळेची तुलना सात रस्त्याच्या बाजूच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेशी करून काही सिद्ध होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा जिल्ह्याचा आकडा घेऊन "आमच्या कामामुळे बालविवाह घटले" असं कुणी लिहायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. असे आकडे प्रकल्पाची गरज का आहे हे सांगायला चांगले. चार शाळांचं फळ त्यात दिसत नसतं.

साधनं: इथे वेळ घाला

ज्ञानाचे प्रश्न सात-आठ पुरेत. त्यातही असे, ज्यांचं उत्तर न कळल्याने नुकसान होतं: पाळीचं चक्र, गर्भधारणा कशी होते, एचआयव्ही कशाने पसरत नाही, मदत कुठे मिळते. 'गुणसूत्र' विचारून काय करणार?

प्रश्नांची भाषा मुलांची ठेवा. 'मासिक पाळी' बरोबर 'एमसी' लिहा, मुली तोच शब्द वापरतात. अक्कलकोटच्या गावात कन्नड, पूर्व भागात तेलुगू आणि काही शाळांत उर्दू माध्यम आहे, हे लक्षात घेऊन प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायची सोय करा. वाचून दाखवणारी व्यक्ती त्याच भाषेची हवी. "असं नाही असं तुम्हाला वाटत नाही का" अशा दुहेरी नकाराच्या प्रश्नात मोठी माणसंही गोंधळतात. आणि सगळी विधानं एकाच दिशेची ठेवू नका, नाहीतर मुलं सरसकट 'सहमत'वर खुणा करत जातात.

विचार तपासायला 'सहमत-असहमत' विधानांपेक्षा मला छोटे प्रसंग जास्त भरवशाचे वाटतात. "मुलगा-मुलगी समान आहेत" यावर 'सहमत' लिहायचं असतं हे सातवीतल्या पोरालाही कळतं. त्याऐवजी असा प्रसंग द्या:

'नववीतली एक मुलगी सायकलवरून क्लासला जाते. वर्गातला एक मुलगा आठवडाभर तिच्या मागे सायकल घालतोय. बोलत काहीच नाही. घरी सांगितलं तर आपला क्लास बंद होईल असं तिला वाटतं.'

खाली तीन प्रश्न: तिने काय करावं? वर्गातल्या बाकीच्यांनी काय करावं? तो मुलगा स्वतःबद्दल काय समजत असेल? उत्तरं मोकळ्या ओळींत लिहून घ्या. मग वाचताना एकच गोष्ट शोधा: जबाबदारी कुणाच्या डोक्यावर टाकली आहे? "तिने रस्ता बदलावा", "मैत्रिणीला सोबत घ्यावं", "क्लास सोडावा" ही एक जात. "बाईंना सांगावं", "घरी सांगावं" ही दुसरी. "मित्रांनी त्याला थांबवावं", "त्याने विचारायला हवं होतं, तिला नको असेल तर सोडायला हवं होतं" ही तिसरी. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी या तीन ढिगांत किती कागद पडतात ते मोजा, मुलांचे आणि मुलींचे वेगळे. दोघांनी स्वतंत्रपणे ढीग लावायचे आणि मग पडताळायचे. जिथे दोघांचं जुळत नाही ते कागद एकत्र वाचायचे. लिंगभावावरच्या प्रकल्पाला यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा बोलकं साधन मला माहीत नाही. मुली तिसऱ्या ढिगाकडे सरकल्या आणि मुलगे पहिल्यातच बसून राहिले, तर तुमची सत्रं मुलींना हक्क शिकवतायत आणि मुलग्यांना काहीच शिकवत नाहीत, असा त्याचा अर्थ.

वागण्याबद्दल, म्हणजे चिडवणं, मारणं, घरकाम, जबरदस्ती, विचारायचं तर मतपेटीची पद्धत वापरा. एचआयव्हीच्या क्षेत्रात भारतात ती बरीच वापरली गेली आहे. दहा-बारा मुलं, मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या. प्रत्येकासमोर पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे दोन-तीन खोकी आणि हातात क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या. प्रश्न मोठ्याने वाचला की त्या क्रमांकाची चिठ्ठी 'हो'च्या, 'नाही'च्या किंवा 'मला लागू नाही'च्या खोक्यात टाकायची. शेवटी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र ओतून प्रश्नवार मोजायच्या. कुणाचं उत्तर काय, हे मोजणाऱ्यालाही कळत नाही, त्यामुळे मुलं समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा खरं सांगतात. याची किंमत अशी की एकेका मुलाचं आधीचं-नंतरचं जुळवता येत नाही, फक्त गटाचं प्रमाण मिळतं. खोक्यांवर रंगाबरोबर खूणही काढा. काही मुलांना लाल-हिरवा फरक दिसत नाही. पहिले दोन प्रश्न सरावाचे ठेवा, "आज डबा आणलाय का" असे.

प्रश्नपेटी बहुतेक प्रकल्पांत असते. मुलांनी निनावी टाकलेल्या चिठ्ठ्यांना सत्रात उत्तरं देतात आणि नंतर त्या कचऱ्यात जातात. टाकू नका! तारीख घालून जपा. सुरुवातीच्या चिठ्ठ्यांत असतं, "पाळीत लोणच्याला हात लावला तर खराब होतं का?" किंवा मुलग्यांकडून धातू (वीर्य) जाण्याची भीती. वर्षाच्या शेवटी, काम चांगलं झालं असेल तर, प्रश्नांची जातच बदलते: "आजी बाजूला बसवते, तिला कसं सांगू?" "मित्र ग्रुपवर घाण फोटो टाकतात, ग्रुप सोडला तर हसतात, काय करू?" माहितीचे किती, भीतीचे किती आणि 'कसं वागू'चे किती, एवढं महिनावार मोजलं तरी अहवालाचं एक पान उभं राहतं, आणि त्यासाठी मुलांना एकही जादा फॉर्म भरावा लागत नाही.

निरीक्षणही करा. सत्रात मागे बसून साधी रेघोटी मारायची: कोण बोललं, मुलगा की मुलगी, कुणाला मध्येच तोडलं, कुणाच्या बोलण्यावर हशा झाला. सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-दोन सत्रांत. सत्र घेणारी व्यक्तीसुद्धा या रेघोट्यांत येते. मुलाचा चुकीचा प्रश्न हसून घेते आणि मुलीच्या त्याच प्रश्नावर गडबडते का, हे पाहणाऱ्यानेच पाहायचं. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी येतं का, पॅड टाकायला डबा आहे का, हेही जाता जाता लिहा. डबा नसलेल्या शाळेत मुली पाळीत घरी राहिल्या तर तो दोष सत्राचा नाही.

गटचर्चा मुलांच्या आणि मुलींच्या वेगळ्या, आणि घेणारी व्यक्ती सत्र घेणारी नको. ताईसमोर कोण म्हणेल, "ताई, तुमचं तिसरं सत्र कंटाळवाणं होतं"?

गळलेली मुलं शोधा

शेवटच्या पाहणीला जी मुलं वर्गात असतात, ती मुळातच बरी परिस्थिती असलेली. जी नसतात त्यांच्यापैकी कुणी फडावर गेलेलं असतं, कुणी आईच्या शेजारी विडीची पानं कापायला बसलेली असते, कुणाची सोयरीक झालेली असते. लैंगिक आरोग्याच्या शिक्षणाची सगळ्यात जास्त गरज यांनाच होती. त्यांची नुसती 'गैरहजर' म्हणून नोंद करणं ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी पळवाट आहे.

पटावरून यादी काढा. आशाताई, अंगणवाडी सेविका, शेजारच्या मैत्रिणी यांच्याकडून कारण कळतं. पण तुम्ही कुठल्या विषयाची पाहणी करताय हे वस्तीत बोलत फिरू नका. मुलीच्या घरी भलताच अर्थ निघतो. प्रत्येक गळतीपुढे कारण लिहा: स्थलांतर, काम, लग्न, शाळा बदल, आजारपण, माहीत नाही. अठराच्या आतलं लग्न ठरत असल्याचं कळलं तर ते तक्त्यात लिहून गप्प बसायचं नाही. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. १०९८ ला किंवा बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याला कळवायचं, तेही संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीने, मुलीची सुरक्षा आधी पाहून.

हिशेब

संगणकाची मोठी आज्ञावली लागत नाही, स्प्रेडशीट पुरते. एक कल्पित वर्ग घेऊ. जुलैमध्ये ६० मुलं, सरासरी २० पैकी ११. फेब्रुवारीत ४४ मुलं, सरासरी १५. अहवालात लिहिलं जातं: "४ गुणांची वाढ."

आता गळलेल्या १६ जणांची जुलैची सरासरी बघा. समजा ती ९ होती. म्हणजे उरलेल्या ४४ जणांची जुलैची सरासरी ११ नव्हतीच, ती ११.७ होती. त्यांची खरी वाढ ३.३. तुलनेच्या शाळेत प्रकल्पाशिवाय १.५ वाढ झाली असेल, तर तुमच्या वाट्याला आली १.८. आता मुलगे-मुली वेगळे करा. ४४ मध्ये १८ मुली आणि २६ मुलगे. मुलींची वाढ ५ असेल तर मुलांची सुमारे २ निघते. त्या एका 'चार'च्या पोटात एवढं सगळं दडलेलं होतं. आणि गळलेल्या १६ मध्ये ११ मुली असतील, तर तो आकडा या सगळ्याच्या वर, पहिल्या पानावर हवा.

टक्केवारी जपून वापरा. १०० मुलांच्या नमुन्यात टक्केवारी वर-खाली सुमारे १० अंकांनी हलू शकते, ४०० असतील तर सुमारे ५. एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी विचार करतात, त्यामुळे प्रत्यक्षात अनिश्चितता याहूनही जास्त. ५२ वरून ५६ टक्के झालं तर तो बदल आहे असं छातीठोकपणे लिहू नका. बाराच मुली असतील तर टक्केवारी नकोच, "बारापैकी सात" लिहा.

आकड्यांचा अर्थ लावताना

छेडछाडीच्या तक्रारी वाढल्या की संस्थेत घबराट होते. वर्षाच्या सुरुवातीला जे 'मस्करी' वाटत होतं, त्याला आता मुली त्रास म्हणायला लागल्या असतील. मुलगेही "मी असं केलंय" हे जास्त प्रामाणिकपणे सांगत असतील. खरोखर वाढलं की बोललं जाऊ लागलं, हे ठरवायला गटचर्चा, निरीक्षणं आणि तुलनेच्या शाळेतला आकडा एकत्र ठेवा. तिन्ही एका बाजूला बोलत असतील तरच निष्कर्ष काढा.

उलट, फार गोड निकालावरही शंका घ्या. हरियाणात ब्रेकथ्रू संस्थेच्या कार्यक्रमाचा ३१४ सरकारी शाळांत अभ्यास झाला, तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. सातवी-आठवीपासून अडीच वर्षं वर्गात लिंगभावावर चर्चा घेतल्यावर मुलांचे विचार समानतेकडे सरकले, पण किती? ०.१८ प्रमाण विचलन, म्हणजे मुलामुलांच्या विचारांत एरवीच असतो त्या फरकाच्या पाचव्या भागाहूनही थोडं कमी. संशोधकांनी मुलं नुसती गोड उत्तरं देतायत का हेही वेगळे प्रश्न ठेवून तपासलं होतं. अडीच वर्षांच्या कामाचा हा पल्ला असेल, तर सहा सत्रांत मुलं 'पूर्ण बदलली' असं सांगणारा अहवाल मी तरी पहिल्यांदा कच्ची कागदपत्रं मागून वाचेन.

अहवाल कुणाला, कसा

निधी देणाऱ्याचा अहवाल इंग्रजीत जाईल. शाळेला मराठीत दोन पानं द्या, उर्दू माध्यमाच्या शाळेला उर्दूत. त्यात शाळाशाळांची क्रमवारी लावू नका. एका वर्गात मोजक्याच मुली असतील तर त्यांची उत्तरं ओळखू येतील असा तक्ता छापू नका; पाचपेक्षा कमी मुलांचा कुठलाही रकाना दुसऱ्यात मिसळा.

आणि मुलांना सांगा. एक तास मागून घ्या, फळ्यावर चार गोष्टी लिहा: तुम्ही हे म्हणालात, आम्हाला हे कळलं, हे आम्ही बदलणार, हे आमच्या हातात नाही. सायकलच्या प्रसंगाचे तीन ढीग त्यांच्यासमोर मांडा आणि असं का झालं असेल ते त्यांनाच विचारा. मुलांनी लावलेला अर्थ तुमच्यापेक्षा वेगळा निघाला तर तोही अहवालात जोडा, त्यांच्याच शब्दांत, नावाशिवाय.

राहिले कागद. भरलेल्या प्रश्नावल्या कुलपात, संकेतांकांची फाइल पासवर्डखाली, फोटो कुणाच्याही वैयक्तिक मोबाइलवर नाहीत. किती महिन्यांनी काय नष्ट करायचं ते संमतीपत्रातच लिहिलेलं असावं, आणि त्या तारखेला संस्थेतल्या दोघांसमोर कागद फाडून त्याची नोंद ठेवायची. रद्दीत विकायचे नाहीत.